वाटेच्या लेकराचा हक्क

पेणहून रोह्याला यायला दोन वाटा. एक नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्यात उतरते. दुसरी महामार्गाने सुकेळी खिंड ओलांडून कोलाडला आणि तिथून रोह्याला येते. कुठूनही या, खिंड काही चुकत नाही. आणि गाडी बिघडायची ती नेमकी खिंडीतच, असे इकडचे चालक हसत सांगतात. चढावर इंजिन तापते, बोनेटखालून वाफ येते, मागच्या सीटवरची मुले रडकुंडीला येतात. त्यात दिवस रमजानचे आणि वेळ मगरिबची असली, म्हणजे खजूर हातात आणि रोजा सोडायचे पाणी रेडिएटरमध्ये, अशी गत होते.

पुढे काय होते, हे या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मागून आलेला टेम्पोवाला गाडी बाजूला घेतो. ‘काय झालं, भाऊ?’ म्हणत पाण्याचा कॅन घेऊन उतरतो. चाकाखाली दगड लावतो. ओळखीच्या मेस्त्रीला निरोप धाडतो. सोबत बायका-मुले असली, तर रिक्षावाला त्यांना पुढच्या नाक्यावर सोडतो. गाडी सुरू झाली की दोघेही हात उंचावून आपापल्या वाटेला लागतात. या गडबडीत एकमेकांचे नाव विचारायचे राहूनच जाते.

रमजानमध्ये मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. वर्षभर शिलकीत राहिलेल्या मालमत्तेचा अडीच टक्के भाग गरजूंचा. ती कोणाला द्यावी, याचे आठ प्रकार कुरआनच्या ‘तौबा’ या सूरेत सांगितले आहेत. गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि यादीच्या शेवटी आहे ‘इब्नुस्सबील’. या अरबी शब्दाचा सरळ अर्थ ‘वाटेचा पुत्र’. म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर. तो आपल्या गावी बंगल्याचा मालक का असेना. घरापासून दूर, हाताशी काही नसलेल्या अवस्थेत तो गरजूच. खिंडीत मोबाइलला रेंज नसली की खात्यातले लाख रुपयेही चहाचे दहा रुपये देऊ शकत नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा शब्द तिथे नेमका कळतो. मुसाफिराला रोज्यातही सवलत आहे. प्रवासात सोडलेले रोजे त्याने नंतर पुरे करायचे.

जकातीचे नियम काटेकोर आहेत. पण सदका, म्हणजे स्वखुशीचे दान, कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येते आणि त्याला पैसाच लागतो असे नाही. एखाद्याला त्याच्या जनावरावर बसायला हात देणे, त्याचे सामान वर चढवून देणे हा सदका आहे, गोड शब्द बोलणे हा सदका आहे आणि रस्त्यातली इजा करणारी वस्तू दूर करणे हाही सदका आहे, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. उंटाच्या जागी आता मारुती किंवा महिंद्रा आली, एवढाच फरक. बंद गाडीला धक्का मारणारा सदकाच देत असतो. मग त्याला तो शब्द ठाऊक असो वा नसो. मराठी मुलखाने हेच पाणपोई आणि धर्मशाळा बांधून सांगितले. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांसाठी महामार्गावर मदतकेंद्रे लागतात, तीही त्याच परंपरेतली.

रायगडकरांना २ ऑगस्ट २०१६ ची रात्र विसरता येणार नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि एक जीप प्रवाशांसह वाहून गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका परप्रांतीय माणसाच्या ते लक्षात आले. तो रस्त्यावर धावला आणि मागून येणाऱ्या गाड्या अडवू लागला. तो स्वतः घरापासून शेकडो मैल दूर आलेला, म्हणजे एका अर्थी मुसाफिरच. समोरून येत होते ते फक्त दिव्यांचे झोत. आत कोण बसले आहे, कुठल्या गावाचे, कुठल्या धर्माचे, हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने अडवल्यामुळे जे घरी पोहोचले, त्यांतल्या कितीतरी जणांना त्याचे नावही ठाऊक नसेल.

तरीही गाडी थांबवावी की नाही, हा विचार अलीकडे मनात येतोच. लुटारूंची भीती असते. अपघात असेल, तर पोलीस आणि कोर्टकचेरीची धास्ती असते. आणि कधीकधी, उघड बोलले जात नसले तरी, समोरच्याची टोपी किंवा टिळा पाहून पाय ॲक्सिलरेटरवरच राहतो. यातल्या कायद्याच्या भीतीवर इलाज झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमी दिसला तर १०८ ला फोन करावा, हे तर शाळकरी मुलालाही जमेल. उरलेल्या भीतीवर मात्र कुठलेही कलम नाही. ती ज्याची त्यानेच घालवायची. संशय वाटला तर गाडीतूनच विचारावे, पुढच्या नाक्यावर कळवावे. पण न पाहिल्यासारखे करून निघून जाऊ नये. कारण उद्या त्याच खिंडीत आपली गाडी उभी असेल आणि तेव्हा आपणही कोणासाठी तरी टोपीवाले किंवा टिळेवालेच असू.

जाता जाता एक साधी गोष्ट. बिघडलेली गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, पण चाकाखाली लावलेले दगड पुष्कळदा रस्त्यातच राहतात. अंधार पडल्यावर मागून येणारा दुचाकीस्वार त्यांच्यावर आदळतो. ज्या दगडाने एकाला आधार दिला, तोच दुसऱ्याच्या जिवावर उठतो. तेव्हा गाडी सुरू झाली, मदतीला आलेल्याचे आभार मानून झाले, की निघण्यापूर्वी खाली उतरून ते दगड कडेला टाकावेत. मिळालेल्या सदक्याची ती परतफेड आहे. आणि ती अशा माणसाला पोहोचते, ज्याला आपण कधी पाहणारही नाही.