गोष्ट संपल्यावर काय?

गोष्टी शिकवणे हा माझा पेशा. तेव्हा मी गोष्टीची बाजू घेणार हे उघडच आहे. पण हजारो लोकांनी एकत्र खेळायचा संगणकावरचा खेळ नुसत्या गोष्टीवर तगत नाही, हे मलाही मानावे लागते.

बायोवेअर कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ काढला. आठ प्रकारचे नायक, प्रत्येकाची कथा निराळी, पात्रांना नटांचे आवाज! वर्गणीदार सतरा लाखांवर गेले. परंतु लिहायला वर्षे लागलेली कथा पुष्कळांनी काही आठवड्यांत संपवली. पुढे करायचे काय? मे २०१२ मध्ये वर्गणीदार तेरा लाखांवर आले आणि नोव्हेंबरात फुकट खेळण्याची सोय करावी लागली.

उलट आइसलँडचा २००३ सालचा ‘ईव्ह ऑनलाइन’ पाहा. तेथला व्यापार, युती, दगाबाजी सारी खेळाडूंचीच. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाचा प्रदेशाच्या ताब्याचा हप्ता चुकला. एवढ्याशा निमित्ताने साडेसात हजारांवर खेळाडू सुमारे एकवीस तास लढले! ही लढाई कोणा लेखकाने रचली नव्हती.

कीर्तनातले आख्यान आपल्याला ठाऊक असतेच. तरी आपण जातो, ते शेजारी चार माणसे बसतात म्हणूनही. गोष्ट माणसाला दारापर्यंत आणते. मुक्काम करायचा तर शेजार हवा.