वाटीच्या तळाशी काय आहे?

एका शनिवारी दुपारी कोल्हापुरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराची ट्यूबलाइट बंद झाली, खिडकीला दादींचा पांढरा दुपट्टा लागला आणि ओट्यासमोर कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड उभा राहिला. आमची थोरली कलेचे शिक्षण घेते. तिला आणि तिच्या गटातील तिघांना मिळून एक काम दिले होते. एका खाद्यपदार्थाची तीन छायाचित्रे काढायची: पहिल्यात साहित्य, दुसऱ्यात तयार पदार्थ, तिसऱ्यात रिकामे झालेले भांडे. सोबत चौघांपैकी कोणी काय केले याची एका पानाची नोंद. सोमवारी सकाळी सगळे सादर करायचे होते.

स्थिरचित्र हा प्रकार आपल्या घरांना नवा नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने तांब्या, पेला, केळी, वांगी समोर ठेवून चित्र काढलेले असते. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार आबालाल रहिमान याच मातीतले, आणि चित्रकलेतून सिनेमाकडे गेलेले बाबूराव पेंटरही इथलेच. छायाचित्रणाची सुरुवात झाली तेव्हाही कॅमेऱ्यासमोर फळे आणि भांडीच आली. इंग्लंडच्या टॅलबट यांनी १८४४ ते १८४६ या काळात छायाचित्रांचे जे पुस्तक हप्त्याहप्त्याने काढले, त्यात फळांच्या टोपल्यांचे एक चित्र आहे. त्या काळी एका चित्राला बराच वेळ लागे. माणूस हलतो, फळ हलत नाही.

कोणता पदार्थ?

मुलांनी आधी तांबडा-पांढरा रस्सा ठरवला होता. कोल्हापूर म्हटले की तेच आठवणार. पण गटातील कागलची मुलगी मांसाहार करत नाही. तिने तक्रार केली नाही. "तुम्ही करा, मी फक्त कॅमेरा सांभाळते," एवढेच म्हणाली. तेव्हा आमच्या लक्षात आले की तिसरे चित्र रिकाम्या भांड्याचे आहे. ते भांडे चौघांनी मिळून रिकामे करायचे, तर चौघांना खाता येईल असेच काही हवे. आम्ही शिरखुर्मा सुचवला. ईदला अजून अवकाश होता, पण दादींनी लगेच डब्यातून खारीक काढली. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, हा नावाचा अर्थही त्यांनीच मुलांना सांगितला. ईदच्या दिवशी शेजारीपाजारी हक्काने मागून खातात तो हा पदार्थ. कागलच्या मुलीने तो लहानपणापासून शेजाऱ्यांच्या घरी खाल्लेला निघाला.

शनिवारी साहित्याचे चित्र झाले. भाजलेल्या शेवया, भिजवून उभी चिरलेली खारीक, चारोळी, काजू, बदाम, खोबरे, वेलची. खिडकीतून एका बाजूने उजेड येत होता. दुपट्ट्यामुळे तो मऊ झाला होता, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा चार्ट पेपर उभा करून मुलांनी सावल्या हलक्या केल्या. ट्यूबलाइट का बंद केली, असे दादींनी विचारले. दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की रंग बिघडतात, दुधात मग निळी किंवा हिरवट झाक दिसते, असे नातीने समजावले.

गोट्यांची युक्ती

खरी अडचण रविवारी सकाळी आली. शिरखुर्मा खोल वाटीत ओतला आणि दोन मिनिटांत सुकामेवा तळाशी गेला. वर राहिले नुसते दूध, त्यावर साय धरू लागलेली. चित्रात वाटी दुधाचीच दिसत होती.

गडहिंग्लजच्या मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या युक्त्या सांगायला सुरुवात केली. दुधाऐवजी पांढरा गोंद वापरायचा, म्हणजे काहीच बुडत नाही. नाहीतर वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकायच्या, म्हणजे मेवा वर राहतो. आमचा धाकटा हे ऐकून आनंदाने आपल्या गोट्यांची पिशवी घेऊन आलासुद्धा. दादी दारात बसून सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि गोट्या घातलेला शिरखुर्मा मग कोण खाणार रं बाळा?"

मुलगा म्हणाला, "आजी, ती वाटी फोटोपुरती. नंतर टाकून देऊ."

"टाकून?" दादींनी एवढेच विचारले आणि खोलीत शांतता पसरली. खाण्यापिण्यात उधळपट्टी नको, ही कुरआनची शिकवण आमच्या घरात त्यांच्याच तोंडून लहानथोरांपर्यंत पोचली आहे.

गोट्यांची ही युक्ती आम्ही पूर्वी वाचली होती, म्हणून मुलांना तिची हकिकत सांगितली. अमेरिकेतील कॅम्पबेल या कंपनीच्या सुपाच्या जाहिरातीत नेमक्या अशाच काचेच्या गोट्या वाटीच्या तळाशी ठेवल्या होत्या. सूप खरे होते, भाज्याही त्याच डब्यातल्या होत्या. पण गोट्यांमुळे भाज्या वर आल्या आणि सूप आहे त्यापेक्षा भरगच्च दिसले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने त्यावर हरकत घेतली. १९७० मध्ये कंपनीने असे पुन्हा न करण्याचे मान्य केले आणि प्रकरण मिटले.

पण या हकिकतीत विद्यार्थ्यांचाही एक गट होता. वॉशिंग्टनमध्ये कायदा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी एक संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'सूप' हाच शब्द होई. त्यांचे म्हणणे असे की, पुढे असे करणार नाही एवढे लिहून देणे पुरेसे नाही. ज्यांची दिशाभूल झाली त्यांना कंपनीने जाहिरातीतूनच खरे काय ते सांगावे. त्या प्रकरणात त्यांची मागणी मान्य झाली नाही. मात्र पुढच्या काही वर्षांत तिथे दुसऱ्या कंपन्यांना अशा दुरुस्तीच्या जाहिराती द्याव्या लागल्या. वर्गातल्या मुलांनी एकत्र येऊन लावून धरलेली गोष्ट किती दूर जाते, याचे हे उदाहरण.

धान्याची रास

गडहिंग्लजच्या मुलाचा प्रश्न मात्र रास्त होता. "काका, मेवा तर आपण खरोखर घातलाय. तो दाखवायचा नाही का?"

त्यावर आम्हाला सहीह मुस्लिममधील हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता एका धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. त्या राशीतही धान्य खरेच होते. रास लावण्याच्या पद्धतीत मात्र लबाडी होती.

मग मुलांनीच सीमा आखली. वाटीची कड पुसणे, चांगली दिसणारी खारीक निवडणे, उजेड नीट लावणे ही सजावट. पाहुणे यायच्या आधी आपण दस्तरखान नीट करतो तसेच ते. पण पाहणाऱ्याला जे मिळणार नाही ते मिळेल असे भासवणे ही फसवणूक. ओळखायची खूणही सोपी ठरली: कॅमेरा बाजूला ठेवल्यावर ती वाटी तशीच्या तशी पाहुण्याच्या हातात देता येईल का?

उपाय सुचवला दादींनी. "खोल वाटी घेताच कशाला? आमच्या लहानपणी बशीत द्यायचे." उथळ बशी आली. आधी झाऱ्याने शेवया आणि मेवा घातला, मग कडेने हळूहळू दूध सोडले. मेवा आपोआप दिसू लागला. खाणाऱ्यालाही बशी तशीच मिळणार होती. उजेड जुळवण्यासाठी मुलांनी दुसऱ्या बशीत साधे दूध ठेवून घेतले आणि सगळी तयारी झाल्यावरच गरम शिरखुर्म्याची बशी तिथे आणली, म्हणजे साय धरायला वेळ मिळू नये. पहिल्या चित्रात दूध करडे आले. कॅमेरा पांढऱ्या रंगाला काळपट करतो, म्हणून उजेडाचे माप एक पायरी वाढवावे लागते, हे आम्हाला तेव्हा कळले. साधे दूध नंतर चहाला वापरले.

नावांची यादी

राहिले नोंदीचे पान. गटातील चौथा मुलगा जयसिंगपूरचा. तो शनिवारी आलाच नाही, रविवारी पोचला तेव्हा निम्मे काम झाले होते. तरी तिघांनी लिहिले, चौघांनी सारखेच काम केले. मैत्रीपोटीच लिहिले, वाईट हेतू नव्हता. थोरलीने ते पान आम्हाला वाचून दाखवले आणि मध्येच स्वतःच थांबली. म्हणाली, "अब्बा, ही पण गोटीच झाली ना?"

जयसिंगपूरच्या मुलाचा चेहरा उतरला. घरी अडचण होती, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. शेवटी चौघांनी पान नव्याने लिहिले. साहित्य मांडणी कोणाची, उजेड कोणाचा, कॅमेरा कोणी धरला, हे खरे खरे आले. उशिरा आलेल्याने दोन तास चार्ट पेपर धरला आणि सगळी भांडी घासली, तेही आले. कृती व मदत या सदरात दादी आणि थोरलीच्या अम्मीचा उल्लेख झाला. घरात रोज शिजणाऱ्या अन्नामागे कोणाचे हात असतात, हे कागदावर क्वचितच येते. या वेळी आले.

आपल्या अनेक भगिनी आज घरून बिर्याणी, मसाले, शिरखुर्मा यांच्या ऑर्डर घेतात आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतात. त्यांनाही हा प्रसंग उपयोगी पडावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याचे राहू द्या. इंटरनेटवरचा दुसऱ्याच्या ताटाचा फोटो उचलू नका. आज जे शिजवले त्याचाच फोटो खिडकीजवळ, दिव्याविना काढा. डबा उघडल्यावर गिऱ्हाइकाला तेच दिसले, तर ते परत येईल.

रविवारी दुपारी चौघे मुले, दादी, धाकटा आणि आम्ही दोघे जमिनीवर दस्तरखान घालून बसलो. बिस्मिल्लाह म्हणून दादींनी पहिली बशी कागलच्या मुलीला दिली. तिसरे चित्र मग पाच मिनिटांत झाले. रिकामी बशी, कडेला दुधाची पुसट रेघ आणि चिकटून राहिलेली एक चारोळी. धाकट्याने ती फोटो झाल्यावर बोटाने काढून खाल्ली.