फोनमधलं मर्कलचं झाड

‘नवा अँड्रॉइड फोन घेतला. जुन्या फोनवरची ॲप्स नव्यावर आपोआप आली, पण निम्म्यांच्या पोटात काहीच नाही. भाचा म्हणतो, रूट कर, सगळं परत आणता येतं. करू का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

निम्मी ॲप्स रिकामी का आली, ते आधी पाहू. अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली २०१५ मध्ये. तेव्हापासून गुगल ॲप्समधला मजकूर स्वतःकडे आपोआप साठवतं, पण एका ॲपला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट. शिवाय आपल्या ॲपचा बॅकअप घेऊच नये, असं ॲप बनवणारा सांगू शकतो. फोन वापरणाऱ्याला कुणी विचारत नाही. फोन माझा, त्यातला मजकूर माझा, मग तो उचलून न्यायला आडकाठी कुणाची? रूट करणाऱ्यांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

या आडकाठीचं मूळ युनिक्समध्ये आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती प्रणाली लिहायला घेतली, तेव्हा एका महागड्या यंत्रावर अनेक माणसं काम करत. युनिक्सने प्रत्येकाला क्रमांक दिला आणि एकाच्या फायली दुसऱ्याला उघडता येऊ नयेत अशी सोय केली. शून्य क्रमांकाला मात्र सगळी दारं उघडी. तोच हा ‘रूट’. अँड्रॉइड उभं आहे युनिक्सच्या वळणाच्या लिनक्सवर, पण फोन वापरणारा माणूस बहुधा एकटाच. मग या क्रमांकांचं करायचं काय? अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी ते माणसांऐवजी ॲप्सना वाटले, १०००० पासून पुढे. फोन म्हणजे भाडेकरूंनी भरलेला वाडा झाला. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप, आणि वाडा विकत घेणाऱ्या मालकालाही भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकायची मुभा नाही. फुकट मिळालेलं टॉर्चचं ॲप बँकेच्या ॲपच्या खोलीत डोकावू शकत नाही, ते याच कुलपांमुळे. रूट करणं म्हणजे मालकाने शून्य क्रमांक मिळवणं.

एके काळी तो फारच स्वस्तात मिळे. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइलचा जी-वन, २००८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या कीबोर्डवर जे टाइप कराल ते पडद्यावर उमटायचंच, पण त्याच वेळी आत रूटच्या अधिकाराने चालू राहून गेलेल्या एका कमांड शेललाही पोचायचं. गप्पा मारता मारता कुणी ‘रीबूट’ लिहून एंटर दाबलं की फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू! २०१० मध्ये सेबास्टियन क्रामर यांनी आणखी नामी फट शोधली. फोनमधला एक सेवक-प्रोग्राम रूट म्हणून जागा होई आणि लगेच तो अधिकार सोडून देई. क्रामर यांनी प्रोग्रामांच्या संख्येची मर्यादा आधीच गच्च भरून टाकली, त्यामुळे अधिकार सोडण्याची ती क्रियाच फसली. ती फसली का, हे तपासणारी ओळ कुणी लिहिलीच नव्हती. सेवक राजा होऊन बसला.

अशा फटी आता लवकर बुजवल्या जातात. ‘एका क्लिकमध्ये रूट’ अशी जाहिरात दिसली तर एवढंच लक्षात घ्या: ते ॲप तुमच्या नव्या फोनवर खरंच चाललं, तर फोनला भोक आहे आणि त्यातून आत येणारे तुम्ही एकटे नसाल.

आजचा राजमार्ग बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणालीला जागं करणारा प्रोग्राम, उघडण्याचा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारून डेव्हलपरचे पर्याय उघडायचे, ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करायचं, फोन संगणकाला जोडून अनलॉकची आज्ञा द्यायची. काही कंपन्या ही सोय देतात, काही देतच नाहीत. हुवावेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं. आज्ञा मानताच फोन आपल्यातला सगळा मजकूर पुसतो. हा दुष्टपणा नव्हे. पुसला नसता, तर चोरानेही हेच करून तुमची पत्रं वाचली असती.

इथेच भाच्याची योजना अडते. जुन्या फोनवरच्या खोल्या उघडायला तोही रूट केलेला हवा. तो तसा नसेल, तर आज त्याचा बूटलोडर उघडताना नेमका तोच मजकूर पुसला जाईल, जो वाचवण्यासाठी ही सगळी धडपड.

बूटलोडर उघडावा लागतो, कारण तो बंद असताना प्रणालीचा एक बिटही बदलता येत नाही. त्यामागची कल्पना मला फार आवडते. प्रणालीचे ४ किलोबाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाचा ३२ बाइटचा गणिती ठसा काढायचा. असे १२८ ठसे एका तुकड्यात मावतात, मग त्या तुकड्याचाही ठसा. प्रणाली ३ गिगाबाइटची असेल तर ७,८६,४३२ तुकडे होतात. त्यांचे ठसे ६,१४४ तुकड्यांत, त्यांचे ४८ मध्ये, आणि त्यांचे एकात. शेवटी उरतो एकच ठसा, त्यावर कंपनीची सही. आता सगळे ३ गिगाबाइट तपासत बसायला नको. जो तुकडा वाचायचा त्याचा ठसा, त्याच्या वरचा, त्याच्याही वरचा, एवढी शिडी चढली की काम झालं. २०१३ मधल्या अँड्रॉइड ४.४ मध्ये हे आलं आणि सातव्या आवृत्तीपासून कडकपणे लागू झालं.

ठशांच्या या उतरंडीला ‘मर्कलचं झाड’ म्हणतात, पण रॅल्फ मर्कल कोण, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७४ मध्ये बर्कलीत शिकताना त्याने एका प्रकल्पाचा प्रस्ताव दिला: दोन अनोळखी माणसांनी सगळ्यांच्या कानांवर पडेल असं बोलूनच आपसात गुपित ठरवायचं. प्राध्यापकांना ते पटलं नाही. मर्कलने प्रकल्प नव्हे, तो वर्गच सोडला. पुढे लिहिलेला निबंध नियतकालिकाने आधी नाकारला आणि अखेर १९७८ मध्ये छापला. तोवर, १९७६ मध्ये, डिफी आणि हेलमन या संशोधकांचा याच प्रश्नावरचा गाजलेला निबंध येऊन गेला होता. हेलमन यांनी स्वतः २००२ मध्ये सुचवलं की त्यातल्या पद्धतीच्या नावात मर्कलचंही नाव असावं. तरी २०१५ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं ते दोघांनाच. हा अन्याय आहे, असं माझं मत आहे. मर्कल पुढे मृतदेह अतिथंड अवस्थेत जपणाऱ्या अल्कोर या अमेरिकी संस्थेच्या संचालक मंडळावर गेला: उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये मेंदू ठेवायचे, कधी तरी ते पुन्हा चालू करता येतील या आशेवर. बॅकअपची हौस असावी तर अशी!

मर्कलच्या झाडाला हात न लावता रूट व्हायची युक्ती रूढ झाली ती २०१६ मध्ये आलेल्या, तैवानच्या जॉन वू यांच्या मॅजिस्क या साधनामुळे. प्रणाली जशीच्या तशी राहते. बदल होतो फोन सुरू करणाऱ्या ‘बूट’ नावाच्या छोट्या भागात, आणि तो खपून जातो कारण बूटलोडर उघडा असतो. वू पुढे गुगलच्याच अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाले, यात नवल नाही.

आता समजा, दोन्ही फोन रूट आहेत. स्विफ्ट बॅकअप किंवा निओ बॅकअप यांसारखं ॲप जुन्या खोलीतलं सामान उचलून नव्या वाड्यात आणतं. पण तिथे त्याच भाडेकरूला वेगळा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे जुन्या क्रमांकाच्या पेट्या त्याला उघडता येत नाहीत. म्हणून प्रत्येक फायलीवरचा मालकीचा क्रमांक आणि सुरक्षेचं लेबल बदलावं लागतं. ते चुकलं की ॲप उघडताक्षणी मिटतं. नीट जमलं तर खेळांमधली प्रगती, टिपणं, वाचनखुणा सारं जागच्या जागी.

काही गोष्टी तरीही येत नाहीत. अनेक ॲप्स आपली किल्ली फोनच्या चिपमधल्या सुरक्षित कोपऱ्यात घडवतात आणि ती तिथून बाहेर पडत नाही, शून्य क्रमांकालाही नाही. सिग्नलच्या संदेशांची फाईल नुसती उचलून आणली, तर ती न उघडणारी फाईलच राहते. त्याचा स्वतःचा बॅकअपच वापरावा लागतो. यूपीआयची नोंदणी सिम आणि फोन या जोडीशी बांधलेली, ती नव्याने करावी लागते. त्यातून अनेक बँकांची ॲप्स रूट केलेल्या फोनवर उघडायलाच नकार देतात. सॅमसंगचा फोन असेल तर रूट करताना चिपमधला एक सूक्ष्म फ्यूज खरोखर जळतो. तो परत जोडता येत नाही आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात.

म्हणून या वाचकाला माझं उत्तर: ज्या फोनवरून पैसे देता, तो रूट करू नका. जुना फोन इतक्यात फॅक्टरी रीसेट करू नका. रिकाम्या आलेल्या प्रत्येक ॲपच्या सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट किंवा बॅकअपचा पर्याय शोधा. तो बऱ्याचदा असतो. आणि प्रयोगाची हौस दांडगीच असेल, शिवाय नव्या फोनवरून पैसे द्यायचे नसतील, तर त्याचा बूटलोडर आजच उघडा, त्यात पुसण्यासारखं काही साठायच्या आत.