बाप्यांच्या दुखण्याचा मागोवा

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळलं ते लेकरांच्या मरणामुळे. १९९२-९३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्याच्या या पाड्यांवर कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली. त्यानंतर डोंगरात ज्या योजना आल्या, त्या आई आणि मूल समोर ठेवून आल्या. १९९५ ची नवसंजीवनी, २०१५ ची अमृत आहार योजना. ते योग्यच होतं. पन्नाशी उलटलेला बाप्या मात्र त्यांच्या हिशेबात नव्हता. त्याच्या दुखण्यांतलं एक म्हणजे प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीचा कर्करोग.

वांगणीच्या बातम्या ताज्या होत्या, त्याच १९९३ साली अमेरिकेत प्रोस्टेटचा कर्करोग गोळीने टळतो का, हे पाहायला १८,८८२ पुरुषांवर फिनास्टेराइडची चाचणी सुरू झाली. २००३ मध्ये निष्कर्ष आला : कर्करोगाचं निदान सुमारे पाव हिश्श्याने घटलं, पण गोळी घेणाऱ्यांत उग्र प्रकारच्या गाठी जास्त सापडल्या. त्या भीतीने गोळी मागे पडली. २०१३ मध्ये दीर्घ पाठपुराव्याचे आकडे आले. उग्र गाठींची भीती मृत्यूंमध्ये उतरलेली दिसली नाही, पण गोळीने आयुष्यही वाढलं नव्हतं. दुसरी चाचणी सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची. २००१ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुष घेऊन ती सुरू झाली आणि फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये थांबवली. २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग उलट १७ टक्क्यांनी जास्त झाला. औषधाच्या दुकानात ही कॅप्सूल आजही सहज मिळते, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं : प्रोस्टेट जपायला ती घेऊ नका.

मग हाती उरलं काय? वजन आटोक्यात ठेवणं, अंगमेहनत, विडी-सिगारेट सोडणं. लठ्ठ माणसाला हा रोग झाला तर तो उग्र होण्याचा धोका अधिक आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याने मरण्याचं प्रमाण अधिक. वय आणि आनुवंशिकता कुणाच्या हातात नाही. बाप किंवा भाऊ यातून गेला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो.

नागली-वरी खाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या वांगणीच्या माणसाला याचं भय नाही, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६०च्या दशकात सुरू झाली, तर देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला. शहरात हा कर्करोग जास्त दिसतो, गावात कमी. पण गावातला कमी आकडा काही अंशी तपासणीच न झाल्याचाही असतो. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाणारा माणूस लघवी अडखळते म्हणून मजुरी बुडवत नाही. वयाचं आहे म्हणतो आणि पुढे चालतो. बहुतेक वेळा ती साधी वाढलेली ग्रंथीच असते. कर्करोग सुरुवातीला बोलतच नाही. कंबरेची, हाडांची दुखणी लागतात तेव्हा तो पसरलेला असतो.

म्हणून सरसकट सगळ्यांची पीएसए रक्ततपासणी करा, अशी माझी मागणी नाही. त्या तपासणीने अमेरिकेत निरुपद्रवी गाठींवरही शस्त्रक्रिया झाल्या. २०१२ मध्ये तिथल्या तज्ज्ञमंडळाने ती नकोच म्हटलं आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं, असा सल्ला दिला. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. डॉक्टरशी बोलून ठरवायचं, तर आधी डॉक्टर गाठावा लागतो, आणि पाड्यावर खरी अडचण तीच आहे.

तेव्हा मागणी एवढीच : वांगणीत जी आशाताई लेकराचं वजन करायला घरात येते, तिने आजोबांनाही लघवीचं विचारावं. आणि ज्यांच्या बापाला किंवा भावाला हा आजार झाला आहे, त्यांनी पंचेचाळिशीतच जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना ते न लाजता सांगावं.