ल्युईसच्या सोंगट्या आणि आडगावची लढाई

स्कॉटलंडच्या वायव्येला ल्युईस नावाचं बेट आहे. तिथल्या उईग भागात १८३१ साली वाळूत पुरलेला ठेवा हाती लागला. त्यातल्या ९३ वस्तूंपैकी ७८ बुद्धिबळाच्या सोंगट्या होत्या, वॉलरसच्या सुळ्यांतून आणि देवमाशाच्या दातांतून कोरलेल्या, बाराव्या शतकातल्या. त्या बहुधा नॉर्वेतल्या त्रोन्हाइमला घडल्या. बेटावर गेलिक बोलणारे केल्टिक लोकही राहत, पण १२६६ पर्यंत सत्ता नॉर्वेच्या राजाची. आज जगभर केल्टिक किंवा व्हायकिंग म्हणून विकले जाणारे अनेक पट या सोंगट्यांवरूनच घडवलेले असतात. मूळ ठेव्यातल्या ८२ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मालकीच्या आहेत, ११ एडिंबरात. १९६४ साली पाच पौंडांना घेतलेली, या ९३ वस्तूंत नसलेली पण त्यांच्याच जातकुळीची एक सोंगटी २०१९ मध्ये ७ लाख ३५ हजार पौंडांना गेली.

पण किमतीपेक्षा त्यांचे चेहरे बघावेत. राणी गालावर हात ठेवून चिंतेत बसली आहे. आपल्याकडे उंट असतो तिथे धर्मदंड घेतलेला बिशप आहे. हत्तीच्या घरात पायदळाचा शिपाई, आणि त्यांतले काही जण आवेशाने स्वतःची ढाल दातांनी चावताहेत. हा खेळ आपल्याकडून इराण, अरबस्तान करत तिथे पोहोचला. हत्ती-उंटांशी संबंध नसलेल्या कारागिराने आपल्या भोवतालची माणसं पटावर बसवली. माझ्या मते या सोंगट्यांचं सगळं मोल त्यात आहे.

आता वऱ्हाडात येऊ. ल्युईस बेट ज्यांच्या जहागिरीत होतं, त्या सीफोर्थच्या मॅकेंझींनी १७९३ मध्ये ७८ वी हायलँडर पलटण उभी केली. तिच्यात या बेटावरची पोरं होती. ही पलटण इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीबरोबर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावला लढली. समोर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांचं सैन्य, सेनापती त्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. भोसल्यांकडचे अरब शिपाई हायलँडरांवर थेट तुटून पडले आणि बहुतेक तिथेच कापले गेले. १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा हिस्सा निजामाकडे गेला, वऱ्हाडातली निजाम-भोसल्यांची दुअमली संपली. यवतमाळ जिल्ह्यातलं आपलं नेर त्याच मुलखातलं.

ल्युईसच्या माणसांनी आपल्या तालुक्याचं भवितव्य पालटायला हातभार लावला, आणि ही गोष्ट माझ्या पाहण्यातल्या एकाही पटावर नाही! असा पट घडवणं नवं नाही: बंगालात बहरामपूरच्या कारागिरांनी ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई आणि देशी फौज हस्तिदंतात समोरासमोर उभी केली होती. हस्तिदंत आता कायद्याने बंद, ते योग्यच. लाकूड आपल्याकडे आहे. यवतमाळचा साग नावाजलेला असला तरी त्याचा पोत भरड, बारीक नाकडोळ्यांना शिसवीच बरी. आपल्या पटावर एका बाजूला रघूजी, अंबारीचा हत्ती, पाठीवर हलकी तोफ घेतलेला जंबुरक्याचा उंट, अरब प्यादी. दुसऱ्या बाजूला वेलस्ली आणि हायलँडर.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून विदर्भातल्या घराघरांत पट मांडले जात आहेत. तेव्हा नेर-दारव्ह्याच्या सुतारांनो, शिक्षकांनो, हा वऱ्हाडी पट आपणच घडवू या. मात्र पटाशीला हात घालण्याआधी गाविलगड आणि आडगाव पाहून या. कॅलेंडरवरची चित्रं उतरवू नका.