इसार देण्याआधी प्लगची भोकं पाहा!

मैत्रिणींनो, घर पाहायला गेलं की आपण बायका काय पाहतो? ओटा केवढा, नळाला पाणी किती वेळ, तुळस कुठे ठेवता येईल. वरूडमधलं ते जुनं घर पाहताना मीही हेच पाहिलं. अंगणात संत्र्याचं झाड दिसलं आणि मी तर मनातल्या मनात सामानसुद्धा लावून टाकलं!

निघताना सहज कूलरच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. घरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "चप्पल घालून पानी भरत जा बाई, काई होत नाई."

आमच्याकडे वैशाखात कूलरशिवाय दुपार निघत नाही आणि त्यात पाणी भरायचं काम बायका-पोरांचंच. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात. मी यांना म्हटलं, "इसारचिठ्ठी उद्या नको. आधी वायरमन आणा."

त्यानं बोर्ड उघडले. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. पत्र्यात वीज उतरलीच तर तिला जमिनीत जायची ती वाट. कूलरच्या सॉकेटमध्ये त्या भोकामागं तारच नव्हती! स्वयंपाकघरात त्याहून वाईट. तिथं अर्थिंगच्या जागेवरून तारेचा तुकडा थेट न्यूट्रलला जोडलेला. असं केलं की दिवा लावून तपासलं तरी अर्थिंग आहे असंच वाटतं; पण मागं न्यूट्रलची तार तुटली, की फ्रिजच्या दारावर २३० व्होल्ट. म्हणून बोर्ड उघडायलाच लावायचा, तोही मेन स्विच बंद करून, जाणकाराकडून.

टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थिंग नाही. मात्र बटण बंद असताना तो सॉकेटमध्ये लागला, तर बटण चुकीच्या तारेवर आहे हे कळतं. सॉकेट काळवंडलंय का, पिन ढिली बसते का, हेही बघा. २००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर दिसला तर समजून जा.

मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं. खरेदी झाली की ते दुखणं आपलं. "एवढ्यासाठी सौदा मोडायचा का?" असं हे म्हणालेच! मोडला नाही. नव्या तारा, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा, आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, या सगळ्याचा खर्च वायरमनकडून लिहून घेतला आणि किमतीतून वजा करून मगच इसार दिला. आता उन्हाळ्यात त्या खड्ड्यातही बादलीभर पाणी ओतते. माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं.

किल्ली देताना त्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच वायरमनचा फोन नंबर मागितला. त्यांचं नवं घरही जुनंच होतं.