होळीच्या दिवसांत परसातला कढीपत्ता का गळतो?

होळी जवळ आली की आपल्या केळापूर तालुक्यातल्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळाली. झाड मेलं का? तोडून टाकू का?" तोडायच्या आधी आजची माहिती ऐका.

या दिवसांत पहाटे शाल लागते आणि दुपारी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय बाहेर निघवत नाही. एकाच दिवसात पारा 15 अंशांहून जास्त वरखाली होतो. रात्रीच्या गारव्यानं माती थंड झाली की मुळं पाणी हळू ओढतात. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा मात्र पानांतलं पाणी भराभर उडवतात. मग झाड जुनी पानं सोडून देतं. टिपेश्वरच्या जंगलातला सागही पाणी वाचवायलाच पानं टाकतो.

झाड जिवंत आहे का, हे नखानं कळतं. फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं आणि ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. ऊब वाढली की पालवी येईल.

आता पानं नीट पाहा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील, तर काळजी नको. आंब्याची, कडुनिंबाची नवी पानं तांबूस असतात, तोही रोग नाही. पानांच्या कडा करपल्या असतील, तर ऊन-वारा आणि पाण्याची ओढ हे कारण असू शकतं. लिंबाचं नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचलं की त्रास वाढतो. अशा लिंबावर 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून, गाळून, संध्याकाळी फवारा. नव्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा असतील, तर ती नागअळी. तेवढी पानं तोडून नष्ट करा.

पान पिवळं दिसलं की मूठभर युरिया टाकायची घाई करू नका. त्यानं कोवळी लुसलुशीत पालवी फुटते, तिच्यावर मावा लवकर येतो आणि ती उन्हात करपते. त्यापेक्षा आळ्यात कुजलेलं शेणखत घाला. त्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर दूर ठेवा, नाहीतर वाळवी लागते. कुटारामुळे माती रात्री फार गार होत नाही, दुपारी फार तापत नाही आणि भेगाही कमी पडतात. रोज तांब्याभर पाणी शिंपडू नका. बोटभर खोल माती कोरडी लागली की सकाळी आळं भरून पाणी द्या. भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणीही चालतं.

चार-पाच वर्षं वाढवलेलं झाड तोडायला दहा मिनिटं लागतात. ते पुन्हा उभं करायला तेवढीच वर्षं जातात, आणि तोवर कढीपत्ता बाजारातून आणावा लागतो. म्हणून यंदा गटाच्या बैठकीत एकमेकींच्या परसातलं एकेक पान घेऊन या. सगळ्या मिळून पाहू, मगच खर्च करू.